काकाबीक लावताय? या चुका टाळा

न्यूझीलंडमधल्या बागांत काकाबीकच्या फुलांचे लालभडक घोस जागोजागी लटकताना दिसतात, त्यामुळे हे झुडूप संकटात आहे हे पटतच नाही. पण काकाबीकची क्लायँथस प्युनिसियस ही जात निसर्गात अलीकडे फक्त कैपारा बंदरातल्या मोटुरेमू बेटावर आढळली आहे. दुसरी जात, क्लायँथस मॅक्सिमस, उत्तर बेटाच्या पूर्वेकडच्या कड्यांवर तुरळक उरली आहे. शेळ्या आणि हरणं पोहोचत नाहीत तिथेच ती टिकली. बी गोळा करून रोपं वाढवली, कुंपण घातलेल्या जागेत लावली, म्हणून वंश वाचला.

बी थेट मातीत टाकू नका. त्याचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. मातीत ते कित्येक वर्षं तसंच पडून राहतं. प्रत्येक बी पॉलिशपेपरवर एका कडेला हलकेच घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबा. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. एका छोट्या कुंडीत एकच बी, साधारण अर्धा सेंटिमीटर खोल. मुळं दुखावलेली या झाडाला सोसत नाहीत, म्हणून ट्रेमध्ये दाटीवाटीनं पेरून नंतर उपटणं टाळा.

रोप रातोरात खराट्यासारखं झालं तर रोग शोधत बसू नका, टॉर्च घेऊन गोगलगायी शोधा. त्या खोडावर चढून पानं आणि कोवळी सालही खरवडतात. बुंध्याजवळचं गवत आणि पालापाचोळा काढा, गोगलगायी रोज रात्री वेचा. कोवळ्या रोपासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

पानं पिवळी पडून गळत असतील तर आधी निचरा तपासा. चिकणमातीत मुळं कुजतात. भरड वाळू किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडा) मिसळून वाफा उंच करा. हे शेंगवर्गीय झाड आहे, नत्र स्वतःच मिळवतं; नत्रखताचा मारा केलात तर नुसता लुसलुशीत पाला वाढेल.

छाटणी फुलं संपताच करा, फांद्या एक तृतीयांशाने कमी करा. हिवाळ्यात कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात.

सगळ्यात मोठी चूक मात्र हौसेपोटी होते: नर्सरीतलं रोप रानातल्या झाडांजवळ लावणं. बागेतल्या रोपांचे पूर्वज मोजकेच. त्यांचा पराग तिथे पोहोचला की स्थानिक वाण मिसळतो. पुनर्लागवडीसाठी त्याच भागातलं बी घ्या, कुंडीवर मूळ ठिकाण लिहा. संरक्षित जमिनीवरचं बी न्यूझीलंडच्या संवर्धन विभागाच्या परवानगीशिवाय तोडू नका. झाड फार वर्षं जगत नाही, म्हणून ते धडधाकट असतानाच बी जमवून पुढची रोपं तयार ठेवा.