स्वप्नात जागं व्हायचंय? आधी पाटी दोनदा वाचा

‘हे स्वप्न आहे’ हे स्वप्नातच कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. १९७५ साली इंग्लंडमध्ये संशोधक कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून डोळ्यांच्या ठरवलेल्या हालचालींतून तशी खूण मिळवली, तेव्हा ही निव्वळ थाप नाही.

आपण जागे आहोत की स्वप्नात, हे तपासायची सवय दिवसा लावायची, म्हणजे स्वप्नातही तेच करून बघितलं जातं. ठाण्यात गोखले रोडवरून जाताना मी एखाद्या दुकानाची पाटी वाचतो, नजर हटवतो, पुन्हा वाचतो. स्वप्नात दुसऱ्या नजरेला अक्षरं बहुधा बदललेली असतात. (स्टेशनवरचा इंडिकेटर नको, तो गाडी सुटली की तसाही बदलतो.) नाहीतर नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा, स्वप्नात तो बऱ्याचदा खुशाल आत जातो. पण उरकायचं म्हणून करू नका. ‘आत्ता मी खरंच जागा आहे का?’ असा प्रामाणिक संशय हवा.

उशाशी वही ठेवा. जाग आल्यावर कूस बदलायच्या आत, फोनला हात लावायच्या आत स्वप्न आठवा. मला परवा एवढंच सापडलं: तलावपाळीवर आजोळची म्हैस. तेही लिहिलं. पुन्हा म्हैस दिसली की ओळखायचं.

स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबते. म्हणून पाचेक तासांनी उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि मघाच्याच स्वप्नात आपण ‘अरे, हे स्वप्न!’ म्हणतोय असं डोळ्यांपुढे आणत पुन्हा आडवं व्हायचं. हे शनिवारी रात्रीच. सकाळी लोकल धरायची असेल तर निमूट झोपा, आणि झोपेची मुळातच बोंब असेल तर हा नाद नकोच.