गॅपनंतर जिम परत सुरू करताय? वजन निम्मं, जेवण पूर्ण

नोकरी बदलली, बाळ झालं, पाठ धरली, कारण काहीही असो, दीड-दोन वर्षं जिम सुटतं आणि परत जायचं म्हटलं की बरेच जण दोन गोष्टी एकदमच करतात. पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घालतात आणि त्याच सोमवारपासून पोळ्या निम्म्या करतात. कळकळीने सांगतो, दोन्ही करू नका. आधी व्यायाम केलेल्या माणसाला नवख्यापेक्षा मोठा फायदा असतो आणि नेमका तोच अशाने हातचा जातो.

फायदा म्हणजे मसल मेमरी. एकदा कमावलेली ताकद परत यायला पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो, कारण हालचाल शरीराच्या लक्षात असते आणि आधी वाढलेले स्नायू परत लवकर भरतात. पण टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा भाग, त्याला रक्तपुरवठा कमी, तो सावकाश तयार होतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं, माणूस प्लेटा चढवत सुटतो आणि मग कोपर नाहीतर खांदा बोलायला लागतो. सगळं प्लॅनिंग ह्या एका गोष्टीभोवती करायचं.

आठवड्यातून तीनच दिवस, सोम-बुध-शुक्र, आणि तिन्ही दिवस फुल बॉडी. स्क्वॉट, बेंच, रोइंग, शोल्डर प्रेस तिन्ही दिवस, डेडलिफ्ट मात्र आठवड्यातून एकदाच. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे दोनच सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये ८ ते १० रेप्स (म्हणजे तितक्या वेळा उचलणं), आणि वजन पूर्वीच्या अर्धं. म्हणजे आधी ८० किलोने स्क्वॉट मारत असाल तर ४०, ऑलिम्पिक रॉड २० किलोचा आणि दोन्ही बाजूंना दहा-दहाची एकेक प्लेट, बस्स. (छोट्या जिममधला रॉड २० किलोचा असेलच असं नाही, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा, नाहीतर हिशेबच चुकतो.) सेट संपला तेव्हा अजून तीन-चार रेप्स आरामात निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. शेजारचा पोरगा १०० मारतोय का १२०, तिकडे बघायचंच नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन सेट करा, तिसऱ्यापासून दर आठवड्याला बेंच-प्रेसला अडीच किलो आणि पायाच्या व्यायामाला पाच किलो वाढवा, आणि मधे आठवडा बुडाला तर परत पहिल्यापासून नको, वजन दहा टक्के उतरवा आणि चालू करा.

अंग दुखणारच, साधारण दुसऱ्या दिवशी जास्त आणि तीन-चार दिवसांत जातं, त्याचं काही नाही. पण दंड किंवा मांड्या प्रचंड सुजल्या, हात सरळ होईना आणि लघवी काळपट चहासारखी झाली तर घरी शेक देत बसू नका, लगेच हॉस्पिटलला जा. स्नायू तुटून किडनीवर ताण आल्याची ती खूण असू शकते, आणि गॅपनंतर पहिल्याच दिवशी मरमर केलेल्यांना हा धोका जास्त. बीपी, शुगर, हार्टचं काही असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

आता जेवण, आणि आपल्याकडे खरी गडबड इथेच होते. पहिले दोन महिने कटिंग, म्हणजे चरबी उतरवायला कमी खाणं, नाही, पोटभर जेवायचं, फक्त प्रोटीन मोजायचं. शरीराच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२. पातळ वरण आणि पोळी-भाजीवर हा आकडा येत नाही, पोह्यांच्या प्लेटमध्ये तर जेमतेम ५-६ ग्रॅम असतं. शाकाहारी माणसाचा एक दिवस सांगतो: सकाळी १०० ग्रॅम पनीरची भुर्जी आणि कपभर दूध, झाले २६. डब्यात दोन पोळ्या, मटकीची घट्ट उसळ, वाटीभर वरण, दही, साधारण २८. जिमनंतर व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप, २४. रात्री ५० ग्रॅम सोया चंक्सची रस्सा भाजी आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ३६. ११४ झाले. अंडी खात असाल तर एकात ६ ग्रॅम, आणि १५० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये तीसच्या वरच, मग पावडर नाही घेतली तरी चालतं.

उपासाच्या दिवशी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन काहीच नाही, तेव्हा दही, दूध, पनीर, राजगिरा ह्यावर भर द्या. शेंगदाण्यात प्रोटीन आहे पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, मूठभरच ठीक. आणि कडक उपास असेल तर त्या दिवशी जड स्क्वॉट-डेडलिफ्ट ठेवू नका, दिवस पुढे-मागे करा. श्रावणभर नॉनव्हेज बंद असेल तर सोया-पनीरची सोय आधीच करून ठेवा.

क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर फायदा आहे, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाकीचे रंगीत डबे सध्या राहू द्या, ते पैसे पनीर-अंड्यांत घाला आणि रोज सात-आठ तास झोपा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काट्यावर किलो-दोन किलो वाढलेलं दिसेल. घाबरू नका, स्नायूंत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि पाणी परत भरतंय. काट्यापेक्षा टेप वापरा, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बेंबीवर माप घ्या. दोन महिन्यांनी पोट कमी करायचंच असेल तर दिवसाच्या ३००-४०० कॅलरी कमी करा, संध्याकाळचं फरसाण आणि दोन साखरेचे चहा सोडले तरी बहुतेकांचं तेवढ्यात भागतं, प्रोटीनला मात्र हात लावायचा नाही. पूर्वीचं पुश-पुल-लेग्जचं (ढकलण्याचे, ओढण्याचे आणि पायाचे व्यायाम वेगवेगळ्या दिवशी) वेळापत्रकही तेव्हाच परत आणा, ते पण सांधे कुरकुरत नसतील तर.