मादी टपोरी होण्याआधीच गाठा: श्रावणातील गोचीड नियंत्रण

श्रावणातील उबदार, दमट हवेत गोचिडांची संख्या झपाट्याने वाढते आणि संकरित गायी, कालवडी व वासरे यांना थायलेरिओसिस, बबेसिओसिस यांसारख्या रक्तातील परजीवींच्या आजारांचा धोका निर्माण होतो. या दिवसांत बहुतेक पशुपालक औषध फवारतात. परंतु जनावरावर टपोऱ्या गोचिडी दिसू लागल्यावर केलेली फवारणी बरीचशी उशिराची असते.

गुरांवर सर्रास आढळणारी बूफिलस गोचीड पिल्लावस्थेपासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहते. प्रौढ मादी सुरुवातीचे काही दिवस अगदी सावकाश रक्त पिते. नराशी समागम झाल्यावर, गळून पडण्याआधीच्या एखाद्या दिवसातच ती झपाट्याने फुगते. आफ्रिकेतील ॲम्ब्लिओमा जातीत समागम न झालेली मादी मूळ वजनाच्या साधारण दहापटीला थांबते, तर नराच्या वीर्यातील प्रथिने मिळालेली मादी शंभरपटीपर्यंत जाते, असे आढळले आहे. या दहापटीच्या टप्प्याआधी मादी ओढून काढली तर ती पुन्हा चिकटू शकते. टप्पा ओलांडल्यावर मात्र ती चिकटत नाही. पोट अर्धवट भरलेले असले तरी अंडी घालण्याच्याच मार्गाला लागते. हा पालट एक्डिस्टेरॉइड गटातील संप्रेरके घडवून आणतात: त्यांच्यामुळे चारेक दिवसांत लाळग्रंथी झिजून जातात आणि अंड्यांतील पोषक प्रथिन तयार होऊ लागते. कीटकांमध्ये महत्त्वाचे असलेले ज्युवेनाइल हॉर्मोन गोचिडांत आढळलेले नाही, त्यामुळे कीटकांच्या वाढीवर चालणारे प्रत्येक औषध येथेही चालेल असे दुकानदाराच्या भरवशावर गृहीत धरू नये.

म्हणूनच हाताने काढलेली एरंडीच्या बीएवढी मादी अंगणात फेकणे म्हणजे दोन-तीन हजार अंडी गोठ्यात पेरणे होय. अशा गोचिडी चिमट्याने काढून झाकणाच्या डब्यात जमा कराव्यात आणि जाळाव्यात. त्या बोटांनी चिरडू नयेत, कारण हायलोमा जातीच्या गोचिडींतून क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू माणसात येऊ शकतो. गुजरातेत 2011 मध्ये हा आजार आढळला होता.

कान, गळ्याखालची पोळी, कास, मांड्यांची आतील बाजू आणि शेपटीखालचा भाग दर आठवड्याला बोटे फिरवून तपासावा व लहान, चपट्या गोचिडी हाताला लागताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध वापरावे. बैलांची तपासणी खांदमळणीच्या दिवशी सहज उरकते, कारण त्या दिवशी बैल निवांत हाताखाली असतो. दुसरी मात्रा लेबलवरील अंतर पाळून, शक्यतो तीन आठवडे उलटण्याआधी द्यावी, म्हणजे पहिल्या वेळी वाचलेल्या किंवा नंतर चढलेल्या पिल्लांच्या माद्या भरण्याआधीच सापडतात. डेल्टामेथ्रिनसारख्या औषधाने पूर्वीसारखा गुण येत नसेल, तर मात्रा परस्पर वाढवू नये. प्रतिकारक्षमता निर्माण झाली असण्याची शक्यता असते, तेव्हा औषधाचा गटच बदलून घ्यावा.

भरलेल्या बूफिलस माद्या बहुधा सकाळच्या वेळी गळतात. त्यामुळे जनावरे चरायला सोडण्याची घाई न करता ती गोठ्यातच ठेवावीत आणि नंतर गव्हाणीखालचा केर झाडून जाळावा. भिंतींच्या भेगा लिंपून बुजवाव्यात, कारण अंडी तेथेच घातली जातात आणि त्यांतून निघालेली पिल्ले ओलाव्यात कित्येक आठवडे उपाशी तग धरतात. दुभत्या जनावरांना औषध देताना दूध किती दिवस वगळायचे ते लेबलवर पाहावे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गायीला परस्पर देऊ नये.