‘प्रुरियंट’चं मराठी करताना

साताऱ्यात कोर्टकचेरीच्या कागदांचं मराठी करून देणं हा माझा धंदा. हाताखाली शिकायला येणारी पोरं इंग्रजी ‘प्रुरियंट’ (prurient) हा शब्द दिसला की डोळे झाकून ‘अश्लील’ लिहितात. तसं लिहू नका. अश्लील असतं ते चित्र किंवा मजकूर. प्रुरियंट असते ती बघणाऱ्याची नजर.

आधी मूळ बघा. लॅटिनमध्ये ‘प्रुरिरे’ म्हणजे खाजणं. डॉक्टर ‘प्रुरायटस’ लिहितात ते याच घरातलं, पण तिथं ती कातडीची साधी कंड. वासनेची खाज हा अर्थ लॅटिनमध्येच होता. आपल्याकडेही ‘फार खाज आहे त्याला’ म्हणतातच की! फक्त प्रतिज्ञापत्रात ते घालू नका, वकीलसाहेब कागद तोंडावर मारतील.

मग शेजारचे शब्द वाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये ‘लॅसिव्हियस’ आणि ‘प्रुरियंट इंटरेस्ट’ यांच्यामध्ये ‘किंवा’ आहे. दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये हीच जोडी १९६९ च्या दुरुस्तीने आली; आता ते न्याय संहितेचं कलम २९४. दोन्हींना ‘कामुक’ लिहिलंत तर ‘किंवा’ कशाला ठेवायचा? मी पहिल्याला ‘कामुक’ लिहितो, दुसऱ्याला ‘लंपट कुतूहल चाळवणारे’. आणि इथला ‘इंटरेस्ट’ म्हणजे हितसंबंध नव्हे. तसंही लिहून आणलेलं मी पाहिलंय.

हा फरक कळायला अवीक सरकार खटल्याचा २०१४ चा निकाल वाचाच. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचा विवस्त्र फोटो छापल्यावरून तो खटला होता. सर्वोच्च न्यायालयाने फोटोमागचा वर्णद्वेषविरोधी संदेश पाहिला, नुसत्या नग्नतेने चित्र अश्लील ठरत नाही असं म्हटलं आणि खटला रद्द केला. असा निकाल मराठीत आणताना ‘नग्न’, ‘अश्लील’ आणि ‘लंपट’ एकमेकांच्या जागी टाकलेत तर युक्तिवादच कोसळतो.

कोर्टाबाहेरच्या मजकुराला माझ्याकडे फक्कड शब्द आहे: ‘आंबटशौकी’. पोवई नाक्यावर चहा पिता पिता कुणाचा घटस्फोट का झाला असं विचारणारा नुसता चोंबडा. रात्री नेमकं काय झालं, दार कुणी उघडलं, अंगावर काय होतं, हे मिटक्या मारत विचारणारा आंबटशौकी. ‘प्रुरियंट’ लिहायचा तो या दुसऱ्यासाठी.