लिनक्सवर लॅन चालेना? आधी वायर बघा, मग टर्मिनल उघडा

लॅन, म्हणजे वायरीनं येणारं नेट, बंद पडली की बरेचजण थेट ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधायला बसतात. तसं करू नका. वायर, पोर्ट, लिंक (दोन टोकांमधली जोडणी), आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) या क्रमानं खालून वर या. नागपुरात तर वायरवरच पहिला संशय घ्यावा. स्थानिक नेटवाल्याची वायर बहुधा शेजारच्या गच्चीवरून येते, मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तिचं आवरण तडकतं आणि पाऊस लागला की त्याच भेगांतून पाणी आत शिरतं.

कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टवरचे दिवे बघा. दोन्ही विझलेले असतील तर एक-दोन मीटरची तयार लॅन वायर (पॅच कॉर्ड) घेऊन राउटरला जोडा, तेही राउटरच्या दुसऱ्या पोर्टात. दिवा लागला तर दोष जुन्या वायरीत किंवा पोर्टात आहे, लिनक्सचा काही संबंध नाही. प्लगची क्लिप तुटलेली असेल तर तो आत बसल्यासारखा वाटतो, पण धक्का लागला की सुटतो. नवीन प्लग क्रिम्प करून, म्हणजे पकडीनं दाबून बसवून, घ्या.

आता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आयपी लिंक’ चालवा (इथल्या सगळ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा). ‘एलओ’ (मशीनचा स्वतःशीच बोलणारा आभासी इंटरफेस) सोडून ‘ईएनपी३एस०’ किंवा ‘ईएनओ१’ अशा नावाची ओळ शोधा. तिथे ‘नो-कॅरियर’ असेल तर कार्ड जिवंत आहे, पलीकडून सिग्नल नाही. ‘नो-कॅरियर’ नाही आणि नुसतं ‘स्टेट डाउन’ असेल तर इंटरफेस बंद आहे. ‘सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप’ द्या. ओळच नसेल तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ बघा. इथरनेट कंट्रोलरखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ नसेल, तरच ड्रायव्हरच्या मागे लागा. कंट्रोलरच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लॅन बंद आहे का ते पाहा; तिथेही चालू असेल तर चिप गेली. विजा चमकल्यानंतर असं झालं असेल तर फार डोकं लावू नका. बाकी मशीन ठणठणीत आणि फक्त लॅन पोर्ट मेलेला, असं होतं. यूएसबीचा लॅन ॲडॅप्टर घ्या. आरटीएल८१५३ चिपचा असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो.

त्याच मशीनवर विंडोजही आहे? मग विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करा. काही कार्डं विंडोज बंद होताना झोपतात, ती लिनक्समध्ये उठतच नाहीत. मशीन बंद करून पॉवरची वायर अर्धा मिनिट काढून ठेवली की बहुधा जागी होतात.

लिंक आहे पण नेट रखडतं, ही तक्रार जास्त चिवट. ‘सुडो इथटूल ईएनपी३एस०’ चालवून स्पीड वाचा. दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट असूनही १००० ऐवजी १०० दिसत असेल तर वायरीतल्या तारांची एखादी जोडी तुटलेली धरा. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालतं, वेग मात्र पडतो. क्रिम्प करताना दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नागपुरातल्या सीताबर्डी बाजारात वायर घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण दोन-चारदा वाकवली की आतून तुटते. एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी. आणि कुलरच्या मोटरच्या वायरीला बांधून लॅन नेऊ नका. ‘आयपी -एस लिंक’ काही मिनिटांच्या अंतरानं दोनदा चालवा. आरएक्सखालचा (आत येणाऱ्या डेटाचा) एरर्सचा आकडा वाढत असेल तर वायर बदला.

लिंक चांगली असेल तर ‘आयपी ए’ बघा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल किंवा पत्ताच नसेल तर राउटरचं डीएचसीपी (आपोआप पत्ता देणारी सोय) पोचत नाही. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ मध्ये ‘अनमॅनेज्ड’ दिसलं, विशेषतः डेबियनवर, तर ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलमधल्या त्या कार्डाच्या ओळींपुढे # टाका आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. नंतर राउटरला पिंग करा (‘पिंग’ आणि पुढे पत्ता टाकून उत्तर येतं का बघा), बहुधा १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८ ला. दोन्ही उत्तर देतात पण साइट नावानं उघडत नाही, म्हणजे घोळ डीएनएसचा. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ मध्ये कुठला सर्व्हर आहे ते तपासा.

राउटर न लावता वायर थेट कॉम्प्युटरला जोडली असेल तर दोन गोष्टी आडव्या येतात. नेटवाल्यानं जुन्या मशीनचा मॅक पत्ता (लॅन कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवला असेल तर नवा त्याला फोन करून नोंदवा. आणि पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडायच्या) कनेक्शनवर काही साइट उघडतात, काही अर्ध्यात अडकतात, असं होत असेल तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १५०० ऐवजी १४९२ करा. प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेतं.