गचके मारणारी गाडी मऊ कशी करायची

गाडी कडक वाटली की बहुतेक जण थेट शॉकअप बदलायला निघतात. खरं तर हा खर्च सगळ्यात शेवटचा. आधी हवा, मग नंतर कुणीतरी बसवलेली भर, मग सस्पेन्शनमधलं रबर, मग टायर, आणि त्यानंतर शॉकअप. या क्रमाने गेलं तर बऱ्याच गाड्या अर्ध्या वाटेतच सुधारतात. खालची माहिती स्विफ्ट, डिझायर, नवी वॅगनआर अशा गाड्यांसाठी आहे. यांना पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असतो. बोलेरोच्या पाट्यांचं (मागच्या सपाट पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) शेवटी.

गचका कोणता ते ओळखा

गावातल्या गट्टूवर किंवा उखडलेल्या गिट्टीवर हळू चालवतानाही बारीक थरथर स्टिअरिंगपर्यंत येत असेल, तर दोष हवेत, टायरात किंवा रबरात आहे. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात एकच 'धाड' आवाज येत असेल, तर सस्पेन्शन पूर्ण दबून आपटतंय. म्हणजे शॉकअप संपलाय, स्प्रिंग बसलीय किंवा बंप स्टॉपचा (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या रबराचा) चुरा झालाय.

तिसरा प्रकार आपल्याकडचा खास. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लाटा पडतात. अशा रस्त्यावर गाडी एकदा उसळून जागेवर न बसता दोन-तीनदा डोलत राहिली, तर शॉकअप गेलेत. इथे एक पेच आहे. लाटांसाठी शॉकअपमध्ये दम हवा, गिट्टीसाठी टायर आणि रबर मऊ हवं. सगळंच मऊ करायला गेलात तर गिट्टीवर सुख मिळेल, पण लाटांवर मागे बसलेल्यांना उलट्या होतील.

हवा

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात, काही गाड्यांत भरलेल्या गाडीचे वेगळे. पंक्चरवाल्याला काही सांगितलं नाही तर तो सवयीने 35 ते 40 पीएसआय मारून देतो. एकदा बियाण्याची पोती किंवा लग्नाचं वऱ्हाड न्यायला भरलेली हवा पुढे महिनोन्‌महिने तशीच राहते. स्टिकरवर 30 असताना आत 38 असेल, तर बाकी काहीही बदललं तरी गचके जाणार नाहीत.

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब साधारण एक ते दीड पीएसआय वाढतो, आणि चाललेल्या टायरची उष्णता वेगळीच. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराकडे पारा 45 च्या वर असताना भर दुपारी 36 दिसले म्हणून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी हवेवर असतो. खिशात मावणारा स्वतःचा गेज घ्या. दुकानातले गेज आपसातसुद्धा जुळत नाहीत.

मऊपणासाठी स्टिकरच्या आकड्याखाली मात्र जाऊ नका. कमी हवेचा टायर बाजूने जास्त वाकतो आणि तापतो. समृद्धीवर 120 च्या वेगाने तापलेल्या सिमेंटवर तोच फुटतो. खड्ड्यात रिम वाकते, ते वेगळंच. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होत नाही.

नंतर घातलेली भर काढा

पांदणीत गाडी खाली घासू नये म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे किंवा सिलिकॉनचे बफर बसवतात. गाडी थोडी उचलली जाते हे खरं. पण बफर बसलेली वेटोळी दबायची थांबतात, आणि उरलेल्या कमी वेटोळ्यांची स्प्रिंग साहजिकच कडक होते. चाक वर करून हे बफर काढा आणि आठ-दहा दिवस चालवून बघा. गचक्यांची तक्रार कितीदा इथेच संपते! जाड तारेच्या स्प्रिंगचंही तसंच. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 11 मिमीच्या जागी 12 मिमी तार आली की स्प्रिंग सुमारे 40 टक्के कडक होते. स्प्रिंग कापणं हा तर मूर्खपणाच. उंची कमी होते, कडकपणा वाढतो आणि गाडी बंप स्टॉपवरच बसते.

रबर

लक्ष सगळ्यात कमी जातं ते इथे. रबर उन्हाने आणि वयाने वाळतं, कडक होतं, चिरतं. पुढे स्ट्रटचं वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग, लोअर आर्मचे (चाक चॅसीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) दोन-दोन बुश (रबराचे सांधे), बंप स्टॉप आणि लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) तपासा. मागे टॉर्शन बीमचे दोन मोठे बुश. गाडी घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. लोअर आर्म आणि चॅसीच्या मध्ये पहार अडकवून हलवा. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं किंवा 'टक' आवाज आला, तर बुश गेला. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्ण' करत उडी मारत असेल, तर माउंटिंगचं बेअरिंग अडकलंय. लिंक रॉड स्वस्त असतो, आणि गिट्टीवरची बरीचशी खडखड त्याचीच असते.

बुश बदलताना हमखास होणारी चूक म्हणजे चाक हवेत लोंबकळत असतानाच लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळणं. बुशाचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला घट्ट चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलंच राहतं. गाडी कडक लागते आणि नवा बुश लवकर फाटतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. बोल्ट आधी हातानेच बसवा. मग चाकाकडच्या टोकाला, बॉल जॉइंटजवळ, लोअर आर्मखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचला आणि तेव्हाच शेवटचं आवळा. मागच्या बीमचंही असंच. मेकॅनिक घाईत असला तरी हे समोर उभं राहून करून घ्या.

टायर

टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं, उन्हात उभं राहिलेलं रबर लाकूड होतं. तळवा नक्षीवरून फिरवा. चढ-उतार लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे बघावं लागेल.

भिंत जितकी उंच तितका टायर मऊ. 2018 नंतरच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला 185/65 आर15 येतो, खालच्याला 165/80 आर14. पहिल्याची भिंत 120 मिमी, दुसऱ्याची 132. दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास मात्र 620 मिमीच्या आसपास, फरक दोनच मिमीचा. म्हणजे अलॉय काढून खालच्या मॉडेलच्या लोखंडी रिमा बसवल्या तर स्पीडोमीटर बिघडत नाही आणि भिंत 12 मिमी वाढते. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, पण ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जातो. रिम त्याच मॉडेलची, कंपनीच्याच मापाची घ्या, नाहीतर ब्रेकच्या कॅलिपरला अडते. टायरचा लोड आकडा (तो किती वजन पेलतो त्याचा) स्टिकरपेक्षा कमी नको. पण उगाच 'एक्सएल' (जादा वजनासाठीचा) लिहिलेला टायरही नको, त्याची भिंत जास्त ताठ असते.

शॉकअप

कोपरा दाबून सोडून बघण्याने पूर्ण मेलेला शॉकअप कळतो, अर्धा गेलेला नाही. वरच्या सीलजवळ पुसट ओलावा चालतो. तेलावर मातीचा थर बसला असेल तर तो गेला. बदलताना पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही बदला. 'हेवी ड्युटी' नको, तुमच्याच मॉडेलचा घ्या.

पुढचा स्ट्रट उघडताना स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय वरचा नट सोडू नका. ती स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. हब ब्रेकच्या पाइपावर लटकवू नका, तारेने बांधून ठेवा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, आतली हवा निघते. दांडा पकडीने धरू नका. त्यावर ओरखडा पडला की सील फाटतं. माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर त्याच वेळी नवं टाका, मजुरी एकदाच लागते. स्ट्रटचे खालचे बोल्ट सुटले म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलला, तेव्हा अलाइनमेंट करावंच लागतं. तालुक्याला मशीन नसेल तर जिल्ह्याला जा.

बोलेरो

मागे कुणी खताच्या पोत्यांसाठी जादा पाटा टाकला असेल तर रिकामी गाडी उडतेच. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 मिमीऐवजी 7 मिमीचा पाटा जवळजवळ 60 टक्के कडक. माल न्यायचं बंद झालं असेल तर तो काढा, सेंटर बोल्ट त्या मापाचा आखूड घ्या, गंजलेले पाटे घासून मध्ये ग्राफाइट ग्रीस लावा. रबराच्या बुशांना ग्रीस लागू देऊ नका. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीचे) बुश बदलले तर गाडी चाकांवर उभी करूनच आवळा. 100 किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ते ढिले राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो आणि मागचा ॲक्सल तिरपा सरकतो.