कॉल सेंटरचा आपल्याला हवा तो आकडा झॅबिक्समध्ये कसा आणावा

कॉल सेंटरच्या पडद्यावर ‘सरासरी प्रतीक्षा ३९ सेकंद’ दिसलं की सुपरवायझर निर्धास्त होतो. पण दहापैकी नऊ जणांचे फोन १० सेकंदांत उचलले आणि एक जण ५ मिनिटं ताटकळला, तरी सरासरी ३९च येते. मला त्या एका माणसाची काळजी वाटते. तो दिसायला हवा असेल तर तयार आकड्यांवर न थांबता आपला आकडा आपणच बनवावा लागतो. इथे कॉलची रांग अ‍ॅस्टरिस्क या फोन हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे आणि देखरेख झॅबिक्स या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, असं धरलं आहे.

पायरी १: हिशेब आधी कागदावर मांडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ‘८० टक्के कॉल २० सेकंदांत’ हे या धंद्यातलं रुळलेलं माप. पण ८० टक्के कशाचे? नुसत्या उचललेल्या कॉलचे धरले, तर कंटाळून फोन ठेवणारे हिशेबातून गळतात आणि गर्दीच्या वेळीही आकडा छान दिसतो. म्हणून एकूण कॉलमध्ये उचललेले, लोकांनी सोडून दिलेले आणि वेळ संपल्यामुळे रांगेबाहेर गेलेले असे तिन्ही घ्या. पहिल्या ५ सेकंदांतच ठेवलेले फोन बहुधा चुकून लागलेले असतात. ते वगळायला हरकत नाही, पण ही मर्यादा सर्वांना सांगून ठरवा.

पायरी २: नोंदी वाचा. अ‍ॅस्टरिस्क प्रत्येक घटना ‘क्यू_लॉग’ या फाइलमध्ये एकेका ओळीत लिहितो. सुरुवातीला १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, मग कॉलचा क्रमांक, रांगेचं नाव, एजंट (फोन उचलणारा कर्मचारी) आणि घटना. मध्ये उभ्या रेघा. ‘कनेक्ट’ (कॉल उचलला) या घटनेनंतरचा पहिला आकडा म्हणजे त्या माणसानं किती सेकंद वाट पाहिली. ‘अबॅन्डन’मध्ये (कॉल सोडून दिला) तोच आकडा तिसरा असतो. ‘रिंगनोआन्सर’ ही घटना मात्र चुकलेला कॉल म्हणून मोजू नका. एकच कॉल पाच एजंटांकडे वाजला आणि कुणीच उचलला नाही, तर अशा पाच ओळी पडतात. यावरून एजंटांना बोल लावणं तर सरळ अन्याय आहे.

पायरी ३: छोटी स्क्रिप्ट लिहा. तिनं मागच्या ३० मिनिटांच्या ओळी वाचून दोन आकडे द्यावेत: वेळेत उचललेले कॉल आणि एकूण कॉल. टक्केवारी स्क्रिप्टमध्ये काढू नका. रात्री एकही कॉल नसतो, तेव्हा शून्यानं भागायची वेळ येते.

पायरी ४: झॅबिक्सला जोडा. झॅबिक्सला आकडे पाठवणाऱ्या ‘एजंट’ नावाच्या प्रोग्रामच्या (फोन उचलणारा एजंट नव्हे) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक आकड्यासाठी ‘यूझरपॅरामीटर’ची, म्हणजे आपली स्क्रिप्ट चालवायला सांगणारी, एक ओळ घाला, प्रोग्राम पुन्हा सुरू करा आणि वेबवरच्या पडद्यावर त्याच नावाचे दोन आयटम (झॅबिक्स गोळा करून साठवतो ते आकडे) बनवा. दोन ठिकाणी हमखास अडतं. झॅबिक्सच्या यूझरला लॉग वाचायची परवानगी नसते; किंवा लॉग मोठा झाला की स्क्रिप्ट वेळेत संपत नाही. मुदत मुळात ३ सेकंदांचीच असते, म्हणून फाइलचा शेवटचा भागच वाचा.

पायरी ५: पडताळा. कामाच्या वेळेतला कोणताही अर्धा तास निवडा, लॉगमधल्या ओळी हातानं मोजा आणि पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. एका कॉलचाही फरक आला तर तो का आला, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ६: इशारा लावा. ‘वेळेत उचललेले कॉल एकूण कॉलच्या ०.८ पटीपेक्षा कमी, आणि एकूण कॉल किमान १०’ अशी अट ट्रिगरला (इशारा कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या नियमाला) द्या. यात भागाकार नाही, त्यामुळे रात्री खोटी घंटा वाजत नाही. आलेखासाठी टक्केवारी हवी असेल तर वेगळा कॅल्क्युलेटेड आयटम (इतर आयटमवरून झॅबिक्सनंच काढलेला आकडा) करा. कॉल नसतील तेव्हा त्या आलेखात खंड पडेल. तिथे शून्य किंवा शंभर भरू नका.